एका हातात पाना, दुसऱ्या हातात मॅन्युअल

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: तांत्रिक लेखन म्हणजे नेमकं काय, ते वाचतं कोण, आणि त्यात कोणकोणते दस्तऐवज येतात. सोबत लिहिलंय की शिक्षण अभियांत्रिकीचं, लिहायची आवड जुनी, आणि आता एका यंत्राचं मॅन्युअल तुमच्याकडे सोपवलं गेलंय. मी गेली बावीस वर्षं हेच काम करते आहे. आधी पंप आणि कॉम्प्रेसरची सर्व्हिस मॅन्युअल्स, नंतर सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, फक्त क्रम बदलते. वाचक आधी घेऊ. तो कळला की बाकीच्या दोन प्रश्नांची निम्मी उत्तरं हाती लागतात.

गोष्ट वाचणारा माणूस वाचायला म्हणून बसतो. तांत्रिक मजकूर वाचणारा काहीतरी करायला बसलेला असतो, मध्येच अडतो, आणि अडला म्हणून वाचतो. यंत्र थांबलंय, दिवा लाल झालाय, स्क्रीनवर एक आकडा आलाय आणि त्याचा अर्थ लागत नाहीये. अशा वेळी कोणी पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. तो अनुक्रमणिकेत किंवा सर्चमध्ये शब्द शोधतो, थेट ४७व्या पानावर येतो, दोन ओळी वाचतो, यंत्राकडे वळतो, पुन्हा पानाकडे येतो. परत आल्यावर आपण कुठे होतो ते त्याला क्षणात सापडलं पाहिजे. पायऱ्यांना क्रमांक, एका पायरीत एकच कृती, ठळक आणि नेमकी शीर्षकं, या सगळ्या सवयी इथून आल्या आहेत. आणि म्हणूनच ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द मी मॅन्युअलमध्ये ठेवत नाही. त्याने वरचं वाचलेलंच नसतं.

मग व्याख्या करायची तर मी अशी करेन: ज्याला एखादं काम करायचंय किंवा निर्णय घ्यायचाय, त्याला तेवढ्यापुरती अचूक माहिती, लागेल त्या क्षणी, त्याला समजेल अशा शब्दांत देणं. विषय तांत्रिक असला म्हणून लेखन तांत्रिक होत नाही. पंपाचा शोध कसा लागला हा तांत्रिक विषयावरचा लेख झाला. पंपाचं सील कसं बदलायचं, हे तांत्रिक लेखन.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. कामाच्या दुसऱ्या वर्षी मी एका पंपाची सर्व्हिसची पद्धत लिहिली होती. चौथी पायरी होती, ‘ड्रेन प्लग काढा.’ तिच्याखाली, चौकटीत, लाल अक्षरांत: ‘प्लग काढण्यापूर्वी दाब शून्यावर आल्याची खात्री करा.’ दोन अभियंत्यांनी ते तपासलं होतं, कोणालाच काही खटकलं नाही. मग एका तंत्रज्ञाला ते पान देऊन मी शेजारी उभी राहिले. त्याने चौथी पायरी वाचली, पान खाली ठेवलं, प्लग सोडवला. पाणी छतापर्यंत उडालं. त्या दिवशी आत फक्त गार पाणी होतं, म्हणून कोणाला काही झालं नाही. तीच जोडणी गरम तेलाच्या लाइनवरही वापरली जात असे. तंत्रज्ञाची यात कणभरही चूक नव्हती. पायरी वाचायची, करायची, मग पुढची वाचायची, हीच पायऱ्यांची रीत आहे. इशारा कृतीच्या आधी यायला हवा, हा नियम मी तोवर कुठेतरी वाचलेला होता. त्या दिवसापासून मी तो विसरू शकलेले नाही.

इशाऱ्यांचं बोलणं निघालंच आहे तर एवढं इथेच सांगते. धोक्याच्या शब्दांनाही पायऱ्या आहेत आणि त्या मनाला येईल तशा वापरायच्या नसतात. अमेरिकेतल्या एएनएसआय झेड५३५ या मानकांत ‘डेंजर’ म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ‘वॉर्निंग’ म्हणजे होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, आणि ‘नोटिस’ म्हणजे माणसाला धोका नाही, पण वस्तूचं नुकसान होईल. मराठीत लिहिताना धोका, इशारा, सावधान आणि सूचना हे चार शब्द ठरवून घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरा. प्रत्येक पानावर ‘धोका’ लिहिणाऱ्या मॅन्युअलमधला खरा धोका कोणी वाचत नाही. इशाऱ्यात तीन गोष्टी असाव्यात: धोका कशाचा, दुर्लक्ष केलं तर काय होईल, आणि टाळायचा कसा. नुसतं ‘काळजी घ्या’ लिहिल्याने वाचकाला काय करायचं ते कळत नाही.

आता वाचकाकडे परत येते. वाचक ठरवणं म्हणजे ‘सामान्य वापरकर्त्यांसाठी’ असं प्रस्तावनेत लिहिणं नव्हे. इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या तांत्रिक लेखनात १३९१ साली जेफ्री चॉसर या कवीने लिहिलेल्या ॲस्ट्रोलेबच्या पुस्तिकेचं नाव घेतात. ताऱ्यांची उंची मोजायचं ते उपकरण, आणि पुस्तिका लिहिली होती लुईस नावाच्या दहा वर्षांच्या मुलासाठी. सुरुवातीलाच चॉसर सांगतो की तुला लॅटिन थोडंच येतं म्हणून मी इंग्रजीत लिहितोय, आणि तुला दिलेलं उपकरण ऑक्सफर्डच्या अक्षांशासाठी बनवलेलं आहे. पुढे असंही म्हणतो की एखादं चांगलं वाक्य मुलाने एकदा विसरावं त्यापेक्षा मी ते दोनदा लिहीन. वाचकाचं वय, त्याची भाषा, त्याच्या हातातलं नेमकं उपकरण आणि त्याची स्मरणशक्ती, सगळं पहिल्या पानावर ठरलंय. सहाशेहून अधिक वर्षांनंतर मी नवीन माणसाला कामावर घेते तेव्हा याच चार गोष्टी विचारायला शिकवते. पाचवी मी जोडते: वाचताना तो कुठे असेल? हातात मोजे असतील तर छोट्या पडद्यावर बोट सरकवता येत नाही. शिडीवर असेल तर पान उलटता येत नाही. अंधाऱ्या खोलीत असेल तर राखाडीवरची फिकट अक्षरं दिसत नाहीत.

एकाच दस्तऐवजाचे वाचक अनेक असतात, हे तुम्हाला पहिल्याच मॅन्युअलमध्ये जाणवेल. यंत्र चालवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा, सुरक्षिततेची तपासणी करणारा वेगळा. सगळ्यांना खूश करणारा एकच सलग मजकूर लिहायचा मोह होतो. तसं केलं की प्रत्येकाला दुसऱ्याचं वाचावं लागतं. यावरचा मला सर्वांत आवडणारा तोडगा रसायनांच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी सांगणाऱ्या पत्रकात, आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीएचएस या रसायनांचे धोके वर्गवार सांगायच्या पद्धतीनुसार या शीटमध्ये १६ विभाग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग विझवण्याची माहिती, सहाव्यात सांडल्यास काय करायचं, सातव्यात हाताळणी आणि साठवण, चौदाव्यात वाहतूक. रसायन कुठलंही असो, कारखाना कुठलाही असो, आगीचा बंब घेऊन आलेला माणूस पाचवा विभाग उघडतो. त्याला शोधावं लागत नाही. लिहिणाऱ्याच्या कल्पकतेला तिथे जागा नाही, आणि नसावीच.

निर्णय घेणारा वाचक मात्र सर्वांत अवघड. त्याच्या हातात पाना नसतो. त्याच्याकडे दहा मिनिटं आणि सही करायचा अधिकार असतो. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया अंतराळयान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि स्लाइड्स बनवून व्यवस्थापकांसमोर मांडला. त्यातली एक स्लाइड नंतर फार गाजली. तिचं शीर्षक धीर देणारं होतं: उपलब्ध चाचण्यांवरून आमचा अंदाज सुरक्षित बाजूचाच दिसतो, अशा अर्थाचं. खाली उपमुद्दे, त्याखाली आणखी उपमुद्दे. आणि सर्वांत खालच्या ओळीत, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: चाचणीतल्या तुकड्याचं आकारमान ३ घन इंच, प्रत्यक्ष आदळलेल्याचं अंदाजे १,९२० घन इंच. म्हणजे ६४० पट. चाचण्यांचे निष्कर्ष इथे लागूच पडत नव्हते, पण शीर्षक वाचून तसं कोणाला वाटलं नसतं. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र लिहिलं आहे: वरिष्ठ व्यवस्थापकाने ती वाचली तरी विषय जिवावरच्या संकटाचा आहे हे त्याच्या लक्षात येणार नाही, हे सहज समजण्यासारखं आहे.

अपघात एका स्लाइडमुळे झाला असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण अहवाल लिहिताना मी ती स्लाइड डोळ्यांसमोर ठेवते. पहिल्या ओळीत निष्कर्ष, दुसऱ्या ओळीत त्याला धक्का देऊ शकेल अशी सर्वांत मोठी शंका, तिसऱ्या ओळीत वाचकाने काय ठरवायचं आहे. कसं केलं, कोणत्या उपकरणाने मोजलं, किती वेळा मोजलं, हे सगळं त्यानंतर. आपण अभियंते प्रयोगाच्या क्रमाने लिहितो, कारण तो आपण जगलेला क्रम असतो. वाचकाचा क्रम नेमका उलटा असतो.

दस्तऐवजांच्या प्रकारांची यादी करायला बसलं तर ती संपत नाही: युजर मॅन्युअल, इन्स्टॉलेशन गाइड, क्विक स्टार्ट, सर्व्हिस मॅन्युअल, एसओपी (ठरलेली कार्यपद्धती), स्पेसिफिकेशन, डेटा शीट, एपीआय रेफरन्स (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला कसं वापरायचं याची नोंद), रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीतले बदल), चाचणी अहवाल, बिघाडाचा अहवाल, प्रस्ताव, प्रशिक्षणाचं साहित्य. नावं पाठ करू नका, प्रत्येक ठिकाणी ती बदलतात. वाचक त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे त्यावरून प्रकार ओळखा. सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये डॅनिएल प्रोसिडा यांनी केलेली एक विभागणी मला अगदी उपयोगी पडली आहे. वाचक नवखा असून शिकतोय, तेव्हा धडा लागतो. काम येतं पण हे विशिष्ट काम कसं करायचं ते हवंय, तेव्हा पायऱ्या लागतात. काम चालू आहे आणि एक आकडा, एक नाव, एक मर्यादा पाहायची आहे, तेव्हा रेफरन्स लागतो. आणि काम बाजूला ठेवून हे असं का आहे हे समजून घ्यायचंय, तेव्हा विवेचन लागतं. यंत्रांच्या जगालाही ही विभागणी तशीच लागू पडते.

नवख्या लेखकाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे या चौघांची सरमिसळ. सील बदलायच्या पायऱ्या चालू असतात आणि तिसऱ्या पायरीत सील कशाचं बनवतात, ते रबर का निवडलं, यावर परिच्छेद येतो. लिहिणाऱ्याने ती माहिती कष्टाने मिळवलेली असते, ती सोडवत नाही. ती फेकू नका. तिला तिचं वेगळं पान द्या आणि पायरीत एक ओळीचा दुवा ठेवा. आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली डिटा ही पद्धत हेच सक्तीने करायला लावते. त्यात मजकुराचा प्रत्येक तुकडा एकाच प्रकारचा असतो, प्रामुख्याने संकल्पना, कृती किंवा संदर्भ. मोठ्या कंपन्यांत तुम्हाला तिच्याशी जुळवून घ्यावं लागेल. एका यंत्राच्या एका मॅन्युअलसाठी तिची गरज नाही, पण विचार जरूर उचला.

रेफरन्स कसा असावा हे शिकायचं असेल तर युनिक्स या संगणक प्रणालीची मॅन पेजेस, म्हणजे तिच्या मॅन्युअलची पानं, पाहा. पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. प्रत्येक कमांडचं पान एकाच साच्यात: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइल्स, आणखी कुठे पाहायचं. आणि एक रकाना ‘बग्ज’ नावाचा. आमच्या या प्रोग्राममध्ये अमुक दोष आहे, हे लिहिणाऱ्यांनी स्वतःच मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलं होतं. मला हा रकाना फार मोलाचा वाटतो. माहीत असलेला दोष मॅन्युअलमध्ये नसेल तर वाचक त्यावर तीन तास घालवतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. तुमच्या यंत्रालाही असे दोष असतील. विक्री विभाग ते काढायला सांगेल. तुम्ही आग्रह धरा.

चेकलिस्टचंही वेगळं सांगायला हवं, कारण तिला अनेकजण छोटं मॅन्युअल समजतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं विमान अमेरिकेत राइट फील्डवर चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. चालवणारे अत्यंत अनुभवी होते. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावायचं कुलूप उडण्यापूर्वी काढायचं राहिलं होतं. दोघांचा जीव गेला. त्यानंतर वैमानिकांची चेकलिस्ट रुजली. ज्याला सगळं येतं त्याच्यासाठी ती असते. कसं करायचं हे ती शिकवत नाही. केलं का एवढंच विचारते. म्हणून तिच्यात स्पष्टीकरण नसतं, आणि जे कधीच विसरलं जात नाही तेही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या चेकलिस्टमध्ये फक्त १९ बाबी आहेत. चेकलिस्टमध्ये विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या ओळी घालत गेलं की माणसं न वाचता खुणा करायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय.

ट्रबलशूटिंगचं प्रकरण, म्हणजे बिघाड शोधायचं, हे माझं सर्वांत आवडतं. डिझाइन करणारा अभियंता ते भागांच्या क्रमाने देतो: मोटरचे बिघाड, व्हॉल्व्हचे बिघाड, सेन्सरचे बिघाड. पण वाचकाला कुठला भाग बिघडला हेच तर माहीत नसतं. त्याला दिसतं ते लक्षण: आवाज येतोय, दाब चढत नाहीये, ई-१२ असा कोड आलाय. म्हणून शीर्षकं लक्षणांचीच असावीत आणि त्याला दिसेल, ऐकू येईल अशाच शब्दांत. ‘अपुरा डिस्चार्ज प्रेशर’ असं शीर्षक देऊ नका. ‘पंप चालू आहे, पण काटा वर जात नाही’ असं द्या. मग कारणं, सर्वांत जास्त वेळा घडणारं आणि तपासायला सोपं असलेलं आधी. झाकण उघडायला लागेल असं काही पहिल्या ओळीत सांगू नये. आधी प्लग नीट बसलाय का ते बघायला सांगावं. ही माहिती डिझाइन विभागाकडे नसते. ती फोनवर तक्रारी घेणाऱ्या माणसांकडे असते, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी जात नाही. तुम्ही पहिल्या आठवड्यातच जा.

स्पेसिफिकेशन हा आणखी वेगळा प्राणी. त्याचा वाचक तुमच्या शेजारी नसतो. तो दुसऱ्या टीममध्ये, दुसऱ्या कंपनीत असतो, आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर तो काहीतरी बांधणार असतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचताच गमावलं गेलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याची मापं पाउंड-सेकंदांत देत होतं. ती घेणारं सॉफ्टवेअर न्यूटन-सेकंदांत समजत होतं. एका पाउंड बलात सुमारे ४.४५ न्यूटन. दोन सॉफ्टवेअरमधला करार सांगणारा दस्तऐवज अस्तित्वात होता आणि त्यात मेट्रिक एककंच सांगितली होती. म्हणजे लिहिलेलं बरोबर होतं, पण त्याप्रमाणे झालंय का हे तपासलं गेलं नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. आकड्याशेजारी एकक प्रत्येक वेळी लिहिते, तक्त्याच्या वर एकदाच लिहून भागवत नाही. आणि प्रत्येक अपेक्षेशेजारी ती पूर्ण झाली हे कसं तपासायचं ते लिहिते. तपासता येत नसेल तर ती अपेक्षा नव्हे, इच्छा आहे, आणि तसं स्पष्ट सांगून ती वगळते.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. इंटरनेटची मानकं ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिली जातात, त्यांत १९९७ सालच्या आरएफसी २११९ने ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थ पक्के करून टाकले: करायलाच हवं, सबळ कारण नसेल तर करायला हवं, केलं तर चालेल. मराठीत आपण सगळीकडे ‘करावे’ लिहितो. ‘बोल्ट ४० न्यूटन-मीटरला आवळावा.’ ही सक्ती की सल्ला? वाचकाला ठरवता येत नाही. माझा नियम असा: सक्ती असेल तिथे ‘आवळा’ किंवा ‘आवळलाच पाहिजे’, शिफारस असेल तिथे ‘आवळणे चांगले’ आणि लगेच कारण, मोकळीक असेल तिथे ‘आवळला तरी चालेल’. ‘आवळावा’ आणि ‘आवळला जातो’ ही दोन्ही रूपं मी पायऱ्यांमधून काढून टाकली आहेत. दुसऱ्यात तर कोण आवळतो हेच कळत नाही. यंत्र आपोआप आवळतं असं वाटून माणूस पुढे जातो.

शब्दांचंही तसंच. विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक जगभर असतात आणि पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते, म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८०च्या दशकात नियमांनी बांधलेलं इंग्रजी तयार केलं. आज ते सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणून ओळखलं जातं. त्यात एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणं एवढंच. सूचना पाळणं या अर्थाने तो वापरायचा नाही. पायरीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५. आता आपल्या ‘लावा’ या शब्दाकडे पाहा. दिवा लावा म्हणजे चालू करा. दार लावा म्हणजे बंद करा. ग्रीस लावा म्हणजे चोपडा. पट्टा लावा म्हणजे बसवा. ‘झाकण लावून मशीन लावा’ या वाक्यात तोच शब्द दोन उलट कामं करतो. ‘काढा’ आणि ‘सोडा’ यांचंही असंच आहे. ‘व्हॉल्व्ह सोडा’ म्हणजे उघडायचा की हात लावायचा नाही? देखभालीच्या वेळापत्रकात ‘परवा’ लिहिलेलं मी पाहिलंय, ज्याचा अर्थ मागचाही होतो आणि पुढचाही. लिहायला बसण्याआधी वीस-पंचवीस क्रियापदांची यादी करा, प्रत्येकाचा एक अर्थ ठरवा, आणि भागांच्या नावांचंही तेच करा. एका पानावर ‘झडप’, दुसऱ्यावर ‘व्हॉल्व्ह’, तिसऱ्यावर ‘कॉक’ असं झालं की वाचक तीन वेगळे भाग शोधतो. शाळेत एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये असं शिकवतात. इथे तो पुन्हा पुन्हाच वापरायचा. आणि कारागीर ज्या भागाला व्हॉल्व्ह म्हणतात त्याला व्हॉल्व्हच म्हणा. शब्दकोशातून शोधलेला पर्याय त्यांना यंत्रावर सापडणार नाही.

माहिती मिळवायची कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते अर्धं काम आहे. ज्याने यंत्र बनवलं त्याच्याकडे जा, पण ‘हे कसं चालतं ते सांगा’ असं विचारू नका. तो तासभर बोलेल आणि सगळं खरं असेल, पण वाचकाच्या कामाचं थोडंच. ‘हे चालवताना लोक कुठे चुकतात?’, ‘ही पायरी गाळली तर काय होईल?’, ‘हा आकडा किती कमी-जास्त चालेल?’ असे प्रश्न विचारा. शक्य असेल तिथे यंत्र स्वतः चालवा. मी लिहिलेल्या प्रत्येक पद्धतीत मला स्वतःच्या हाताने केल्यावरच कळलेली एक तरी गोष्ट आहे: एक स्क्रू असा असतो की मधली नळी आधी वाकवल्याशिवाय तिथे पाना पोहोचतच नाही. हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही.

संशोधक जॉन कॅरोल यांनी १९८०च्या दशकात आयबीएममध्ये लोक संगणकावर काम करायला कसे शिकतात हे पाहिलं. लोक पुस्तिका क्रमाने वाचत नव्हते. थेट काहीतरी करायला लागत, चुकत आणि अडकत. त्यांनी सुचवलं की मजकूर कमी करा, लगेच खरं काम करायला द्या, आणि चूक झाली हे कसं ओळखायचं आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते लिहा. हा शेवटचा भाग आजही बहुतेक मॅन्युअल्समधून गायब असतो. पायरीनंतर ‘आता हिरवा दिवा लागेल’ एवढं एक वाक्य आणि ‘लागला नाही तर पायरी ३वर परत जा’ हे दुसरं, एवढ्यानेही फरक पडतो.

तुमच्या मॅन्युअलबद्दल म्हणाल तर सगळं लिहून होईपर्यंत थांबू नका. रोज होणारं एक काम निवडा, त्याच्या पायऱ्या लिहा आणि ते काम पूर्वी न केलेल्या माणसाला पान देऊन शेजारी गप्प उभ्या राहा. गप्प राहणं अवघड जातं. तो चुकीच्या बटणाकडे हात नेईल आणि तुमच्या तोंडून शब्द निघेल. धोका असेल तरच थांबवा. तो कुठे थांबला, कोणती ओळ दोनदा वाचली, पान उलटून मागे कुठे गेला, काय पुटपुटला, एवढंच टिपा. नंतर ‘समजलं का?’ असं विचारू नका, लोक हो म्हणतात. ‘आता मला करून दाखवा’ म्हणा. अशी तीन माणसं झाली की त्यांच्या अडण्याच्या जागा बऱ्याचशा सारख्याच निघतात. त्या आधी दुरुस्त करा, चौथ्या माणसाला तेच पान पुन्हा द्या, आणि मगच दुसरं काम लिहायला घ्या.